चंदेरी हायरायडर, दीड वर्षानंतर: गाडी दोन दिवसात ठरली, रंगाला तीन आठवडे लागले

आधीच सांगते, हा मायलेजचा रिव्ह्यू नाहीये. मायलेज सगळेच सांगतात. मला पुण्यात ऑफिसला जाऊन-येऊन 22-23 मिळतं, कंपनीचा अधिकृत आकडा 27.97 आहे, विषय संपला. मी लिहितेय ते रंगाबद्दल, कारण टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हीवर चालणारी) घ्यायची हे आमचं दोन दिवसात ठरलं आणि रंगावरून मात्र घरात तीन आठवडे शीतयुद्ध चाललं होतं, आणि तेव्हा मला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

तर आमची परिस्थिती अशी. राहतो पुण्यात, माहेर सोलापूर, सासर संगमेश्वरजवळ. म्हणजे वर्षातून चार वेळा गाडी सोलापूरची काळी माती खाते आणि चार वेळा कोकणातली लाल. पार्किंग सोसायटीत आहे पण आमची जागा उघड्यावर, वर एक गुलमोहर आणि त्याच्यावर कबुतरं. आणि गाडी पुसायला एक दादा येतात, एकच बादली आणि एकच फडका घेऊन अकरा गाड्या पुसतात. हे सगळं मी का सांगतेय ते पुढे कळेल.

शोरूमचं नाव नाही लिहीत, पण तिथे पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. गाडी मी चालवणार, हप्ते माझ्या पगारातून जाणार, पण तिथला मुलगा नवऱ्याला घेऊन बोनेटपाशी गेला आणि मला हातात शेडकार्ड देऊन म्हणाला, मॅम, तुम्ही तोवर कलर बघा. नवरा बिचारा, त्याला गाडीतलं इतकंच कळतं की पेट्रोल कुठून भरतात. मी शेडकार्ड हातात घेऊनच बोनेटपाशी गेले आणि विचारलं की एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर आहे का इलेक्ट्रिक, तेव्हा त्याने जरा सरळ उभं राहून उत्तर दिलं. इलेक्ट्रिक आहे. हा प्रश्न रंगाशी संबंधित आहे बरं का, येतेच त्यावर.

आधी शेडकार्डची गंमत. रंगांना सरळ नावं ठेवली तर गाडी खपत नाही बहुतेक. पांढरा म्हणजे कॅफे व्हाईट, राखाडी म्हणजे गेमिंग ग्रे, चंदेरी म्हणजे एन्टायसिंग सिल्व्हर, लाल म्हणजे स्पोर्टिन रेड, निळा म्हणजे स्पीडी ब्लू. आणि काळे दोन! मिडनाईट ब्लॅक आणि केव्ह ब्लॅक. सासूबाई म्हणाल्या, काळ्यात काळा तो किती काळा. शिवाय काळ्या छपराच्या ड्युअल टोन गाड्या वेगळ्या, त्याला साधारण वीस हजार जास्त. सगळे धरून अकरा पर्याय, आणि घरात माणसं पाच.

सासऱ्यांना पांढरी हवी होती. त्यांचं साधं म्हणणं, पांढरी कधी जुनी दिसत नाही आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं. दोन्ही खरं आहे. पण नवरा म्हणाला, पांढरी घेतली की टूरिस्टची वाटते, एअरपोर्टवर उभी केली तर लोक मागचं दार उघडून बसतील. पोराला लाल हवी होती, काळ्या छपराची. सासूबाईंना काळी सोडून काहीही. आणि मला, खरं सांगते, काळीच हवी होती, आधीची पण काळीच होती. शोरूममध्ये त्या दिव्यांखाली काळी गाडी बघितली ना, तर अशी पाण्यासारखी दिसते की बाकीचे रंग बघावेसे वाटत नाहीत.

मग तीन आठवडे कशाला लागले? कारण मी आधीच्या काळ्या गाडीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणजे नऊ वर्षं रोज बघत होते, पण त्या रविवारी दुपारी बाराच्या उन्हात, बोनेटवर वाकून बघितलं. सगळ्या बोनेटवर बारीक गोल गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे त्याच्याभोवती गरगर फिरलेल्या. ते आमच्या दादांच्या फडक्याचं काम. त्यांचा दोष नाही, कोरड्या धुळीवर ओला फडका फिरला की ती धूळच पॉलिश पेपरसारखी घासते. रंगाचे सगळे थर, म्हणजे गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, असे मिळून जाडी भरते जेमतेम 0.1 मिलिमीटरच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट तर केसापेक्षा बारीक. ओरखडे त्याच्यात पडतात, म्हणजे सगळ्या गाड्यांवर पडतात, पांढऱ्यावरही. फक्त काळ्यावर दिसतात. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, धुतलेली गाडी उन्हात वाळली की प्रत्येक थेंबाचा पांढरा कडा उमटलेला. काळी गाडी नीट ठेवायची तर ती आपण स्वतः धुवायची, दोन बादल्या, मायक्रोफायबर, सावलीत. मला जमत नाही. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल घ्यावी, त्यासारखं देखणं काही नाही.

आता हायब्रिडचा मुद्दा, जो कुठल्याच सेल्सच्या माणसाने आपणहून सांगितला नाही. साध्या पेट्रोल गाडीत सिग्नलला उभे असताना एसी चालवायला इंजिन चालूच असतं, त्यामुळे गाडी आतून किती तापलीये याने पेट्रोल थोडंफार जास्त जातं पण आपल्याला जाणवत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये सिग्नलला इंजिन बंद होतं आणि एसी बॅटरीवर चालतो. आणि बॅटरी किती, तर 0.76 किलोवॅट अवर. लाईटबिलाच्या भाषेत पाऊण युनिट! घरचा दीड टनाचा एसी त्याच्यावर तासभर जेमतेम चालेल. म्हणजे गाडी भट्टीसारखी तापलेली असली की एसी पूर्ण जोर लावतो, बॅटरीचे दांडे भराभर उतरतात आणि उभ्या गाडीत इंजिन घुर्र करून चालू होतं. ज्या शांततेसाठी जास्तीचे दोन-अडीच लाख मोजले ती शांतताच जाते.

मग रंगाने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2011 मध्ये एकसारख्या दोन होंडा सिव्हिक, एक काळी एक चंदेरी, उन्हात तासभर शेजारी उभ्या करून मोजलं होतं. काळीच्या आतली हवा 5 ते 6 अंशांनी जास्त गरम, आणि छपराच्या पत्र्यात तर 25 अंशांपर्यंत फरक. हे वाचलं आणि माझा काळ्या गाडीचा हट्ट तिथेच निम्मा वितळला. पांढरा आणि चंदेरी या बाबतीत जवळपास भाऊभाऊच, आणि गडद राखाडी, गडद निळा हे काळ्याच्या बाजूचे. एक लक्षात घ्या पण, बरीच उष्णता काचांतून येते, त्यामुळे पांढरी गाडी घेतली म्हणजे आत महाबळेश्वर असं काही होत नाही. आणि वरच्या मॉडेलला तो मोठा सनरूफ आहे, म्हणजे छपराचा बराचसा भाग काचेचाच. काळ्या छपराचे वीस हजार द्यायचे आणि वरून बघणार कोण, तर तिसऱ्या मजल्यावरचे जोशी. पोराला हे सांगितलं तर दोन दिवस बोलला नाही.

लाल का नाही घेतला असं विचाराल तर दोन कारणं. एक, लाल रंगद्रव्य उन्हाने फिकं पडतं ही जुनी तक्रार. आताचे क्लिअर कोट पूर्वीपेक्षा खूप चांगले आहेत, त्यामुळे पूर्वीसारखा गुलाबी होत नाही, पण कायम उघड्यावर उभी राहणारी गाडी म्हटल्यावर मी कच खाल्ली. दुसरं कारण जास्त खरं आहे, आम्हाला दोघांना पंचेचाळिशीत लाल गाडीतून उतरायची लाज वाटली.

निळा मला फार आवडला होता, अजूनही रस्त्यात दिसला की वळून बघते. पण शोरूमवाला म्हणाला निळ्याला वेटिंग जास्त, पांढरी मात्र रेडी स्टॉकमध्ये आहे मॅम, उद्या घेऊन जा. हे वाक्य मी तीन आठवड्यात सहा वेळा ऐकलं. जो रंग स्टॉकमध्ये असतो तो त्या दिवशी सगळ्यात छान असतो, हे साड्यांच्या दुकानासारखंच आहे. आम्हाला पाडव्याला हवी होती, 9 एप्रिल 2024 ला, जानेवारीत बुकिंग केलं होतं, त्यामुळे थांबायची तयारी होती. पण निळा बाद झाला तो वेटिंगमुळे नाहीच.

झालं असं की मी हट्ट धरला, मला गाड्या शोरूममध्ये नाही बघायच्या, यार्डात बघायच्यात. नाही हो म्हणत शेवटी एका शनिवारी नेलं. शहराबाहेर मोकळं मैदान, गाड्या ट्रेलरवरून उतरून तशाच उभ्या, आठ-दहा दिवसांची धूळ बसलेली. आणि तिथे पाच मिनिटात सगळं स्पष्ट झालं हो. काळी सगळ्यात घाण दिसत होती. निळी तिच्या खालोखाल. पांढरीवर खालच्या बाजूला चिखलाचे शिंतोडे लांबून दिसत होते. लाल ठीक. आणि चंदेरी अशी उभी होती की मला वाटलं हिला आत्ताच पुसलीये. बोट फिरवलं तर बोटावर मातीचा जाड थर! धूळ तिच्यावर होतीच, फक्त दिसत नव्हती. मी तिथेच नवऱ्याला म्हटलं, हीच. तो म्हणाला, अगं हा म्हाताऱ्यांचा रंग आहे. म्हटलं होतोयच की आपण.

दुसरं एक काम तिथे केलं, साडेसहापर्यंत थांबलो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, त्यांची चमक उजेडाच्या दिशेप्रमाणे बदलते, त्यामुळे दुपारचा रंग आणि संध्याकाळचा रंग वेगळा दिसतो. दुपारी चंदेरी पांढरट होती, सूर्य खाली गेल्यावर तीच गाडी निळसर राखाडी झाली, दाराच्या वळणावर एक उजेडाची रेघ आणि खाली सावली. म्हाताऱ्यांचा रंग म्हणणारा माणूस तेव्हा गप्प झाला. शोरूमच्या ट्यूबखाली यातलं काहीही दिसत नाही. तुम्ही कुठलाही रंग घेत असाल तर एवढं करा, दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळी, न धुतलेली गाडी बघा.

तर आता दीड वर्ष झालं. काय पटलं ते आधी.

धूळ. दहापैकी दहा. मे महिन्यात सोलापूरला जाऊन आलो, नंतर जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर कुंभार्ली घाटातून चिपळूण आणि पुढे संगमेश्वर, त्या हायवेच्या कामाचा लाल चिखल चाकांपासून दारापर्यंत. लाल चिखल चंदेरीवर दिसतो, नाही असं नाही, पण वाळल्यावर एक बादली मारली की गाडी माणसात येते. आमचे दादा अजून त्याच फडक्याने पुसतात. रेघा पडल्याच असतील, मोबाईलचा टॉर्च लावला तर दिसतात, पण टॉर्च लावायला मला कोणी सांगितलंय?

उष्णता. याचा अनुभव सोलापूरलाच आला. माझ्या धाकट्या भावाने आमच्यानंतर दोनच आठवड्यांनी हीच हायब्रिड घेतली, काळी. ताई, गाडी म्हणजे काळीच, असं त्याचं म्हणणं. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न होतं, मंगल कार्यालयाबाहेर दोन्ही गाड्या सकाळी दहापासून शेजारी-शेजारी उन्हात. दुपारी तीनला निघालो तर त्याच्या गाडीच्या दाराला हात लावला आणि आई गं, चटकाच. माझ्या गाडीचं दार पण गरम होतंच, पण धरून उघडता आलं. करोनात घेतलेलं कपाळावर धरायचं थर्मामीटर त्याच्या डिकीत होतं, ते त्याने हौसेने काळ्या बोनेटवर धरलं तर त्यावर आकडाच येईना, नुसता एरर. माझ्या बोनेटवर पण एररच आला, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या सामना बरोबरीत सुटला. पण नंतर आम्ही एकामागोमाग निघालो, दोघांचा एसी फुल, आणि पहिल्या मोठ्या सिग्नलला माझं इंजिन बंद होतं आणि शेजारच्या लेनमध्ये त्याचं घुर्र चालू. एकदा झालं म्हणून सिद्ध झालं असं नाही, त्याच्या गाडीत माणसं पण जास्त होती. मी काच खाली करून फक्त हसले.

आता काय खुपलं. हे जास्त लक्ष देऊन वाचा.

गणपतीत सोसायटीत कोणाच्या तरी दुचाकीचं हँडल मागच्या बंपरच्या कोपऱ्याला घासलं. वीतभर ओरखडा. मी म्हटलं, छोटं काम आहे, कशाला इन्शुरन्समध्ये टाकायचं, ओळखीच्या गॅरेजला नेली. तिथल्या पेंटरने गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून, डॉक्टर एक्सरे बघतात तशी, आणि म्हणाला, मॅडम, पांढरी असती तर संध्याकाळी घेऊन गेला असता. मला कळेना. म्हणाला, सिल्व्हर म्हणजे डोकेदुखी. मग त्याने समजावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. साधा पांढरा म्हणजे सॉलिड रंग, कोड बघितला, मिक्स केला, मारला, झालं. चंदेरीत ते ॲल्युमिनियमचे कण असतात ना, ते कसे पडतात यावर शेड ठरते. गन किती लांब धरली, हवेचा प्रेशर किती, थर ओला पडला की कोरडा, त्या दिवशी दमट हवा किती, सगळ्याने कण वेगळे बसतात. रंग तोच, कोड तोच, तरी समोरून बघितला तर मॅच आणि बाजूने बघितला तर गडद. म्हणून नुसता ओरखडा रंगवून चालत नाही, शेजारच्या भागापर्यंत फिका करत न्यावा लागतो. त्यात बंपर प्लॅस्टिकचा.

दोन दिवस गाडी ठेवली, साडेचार हजार घेतले. आणि काम वाईट नाही केलं त्याने, मन लावून केलं, पण सकाळी कोवळ्या उन्हात डाव्या बाजूने बघितलं की तो कोपरा किंचित काळपट दिसतो. नवऱ्याला दिसत नाही. सासऱ्यांना दिसत नाही. मला गाडीच्या जवळ जायच्या आधी तोच दिसतो. म्हणजे सांभाळायला सगळ्यात सोपा रंग आणि दुरुस्तीला सगळ्यात नाटकी. हे मला आधी माहीत असतं तर मी पांढऱ्याचा आणखी एकदा विचार केला असता, हे प्रामाणिकपणे सांगते. मात्र पांढरा म्हणजे साधा पांढरा. मोत्यासारखा चमकणारा पर्ल पांढरा असेल तर त्याचं प्रकरण चंदेरीहून अवघड, त्यात मधे एक वेगळा थर असतो.

दुसरी गोष्ट, पाऊस आणि धुकं. कुंभार्ली घाटात जुलैमध्ये भर दुपारी समोरून येणाऱ्या एसटीला आम्ही दिसलोच नव्हतो असं मला वाटलं, ड्रायव्हरने ऐनवेळी आवरलं. ओला डांबरी रस्ता, राखाडी आभाळ आणि त्यात चंदेरी गाडी, आम्ही ढगच झालो होतो. तेव्हापासून पावसात दिवसा पण हेडलाईट चालू ठेवते. गंमत म्हणजे घेताना नवऱ्यानेच मला न्यूझीलंडचा 2003 चा अभ्यास दाखवला होता, ऑकलंडमधला, की चंदेरी गाड्यांमध्ये गंभीर जखमी होण्याचा धोका पांढऱ्यापेक्षा निम्म्याच्या आसपास. नंतर मला ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा 2007 चा सापडला, त्यात पांढऱ्यापेक्षा काळ्या, राखाडी आणि चंदेरी सगळ्यांनाच धोका जास्त. म्हणजे ज्याला जो रंग घ्यायचाय त्याने तो अभ्यास वाचावा. मला घाटात जे दिसलं त्यावरून मी ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे.

तिसरी तक्रार किरकोळ. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही. मागे नवऱ्याने पाच मिनिटं दुसऱ्याच चंदेरी गाडीचं हँडल ओढलं, आत एक आजोबा झोपले होते, त्यांनी काच खाली करून शांतपणे विचारलं, कुठे सोडू?

काही प्रश्न मला सारखे विचारतात ते एकदाच. हायब्रिडला हिरवी नंबरप्लेट मिळत नाही, ती फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला, आपली साधी पांढरीच, त्यामुळे हिरव्या प्लेटशी कुठला रंग शोभेल याची चिंता नको. नंतर रॅप करून, म्हणजे वरून रंगीत फिल्म चिकटवून, रंग बदलू असं डोक्यात असेल तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, पूर्ण रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, जे शोरूममध्ये तुमच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होणारच. माझ्या मते चंदेरीला गरज नाही, काळ्याला केलंत तर निदान कारण आहे, पण कोटिंग केलं म्हणून फडक्याने रेघा पडत नाहीत असं समजू नका.

पाचपैकी मार्क द्यायचे तर गाडीला साडेचार, रंगाला चार. तो एक मार्क बंपरच्या कोपऱ्याचा.

भावाचा मागच्या महिन्यात फोन आला होता, ताई, गाडीला कव्हर घेतलं, ऊन फार लागतं बाहेर. फोटो पाठवला. कव्हर चंदेरी आहे.